मुलांना होणारे मधमाशी व गांधीलमाशीचे दंश : ओळख आणि उपचार

दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे वार्षिक अहवालाच्या या विभागात एक आरोग्यविषयक लेख सादर करीत आहोत. ताळेबंद व परिशिष्टे यांची पाने उलटून वाचक येथवर आले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. रुग्णालयाच्या प्रशासनात राहून जे पाहिले, अपघात विभागाच्या नोंदवहीत जे वाचले आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून जे समजावून घेतले, तेवढेच येथे मांडले आहे. औषधांच्या मात्रांविषयीचा मजकूर त्यांनी तपासून दिलेला आहे.

मधमाशीचा दंश हा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी केव्हा ना केव्हा माशीने प्रसाद दिलेलाच असतो. दोन दिवस सुजलेला गाल मिरवून आपण शाळेत गेलो आणि विसरूनही गेलो. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत आजही असेच घडते. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत तसे घडत नाही, आणि ती मुले कोणती हे पहिल्या काही मिनिटांत ओळखता आले तर अत्यंत स्वस्त अशा एका औषधाने त्यांचा जीव वाचतो. त्या ओळखीपुरताच हा लेख आहे.

माशी कोणती?

आपल्या बोलण्यात माशी ‘चावते’. वस्तुतः ती दाताने चावत नाही, शेपटीकडील नांगीने डंख मारते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कामकरी मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती माणसाच्या कातडीत रुतली की माशीला परत ओढता येत नाही. नांगी विषाच्या पिशवीसह तेथेच तुटून राहते व माशी मरते. गांधीलमाशीची नांगी मात्र गुळगुळीत असते. ती काढून घेऊन पुन्हा पुन्हा डंख मारते आणि मागे काही ठेवीत नाही. म्हणून कातडीत बारीक काळा काटा रुतलेला दिसला तर ती मधमाशी, हे अनुमान बहुधा बरोबर ठरते.

सह्याद्रीच्या पट्ट्यात मधमाश्यांच्या चार देशी जाती लोकांच्या परिचयाच्या आहेत. उंच झाडांवर, कड्यांच्या कपारीत, पाण्याच्या टाक्यांखाली व मोठ्या इमारतींच्या छज्जांना एकच रुंद पोळे लटकविणारी ती आग्या. सामुदायिक हल्ला करणारी मुख्यतः हीच. झाडाच्या ढोलीत व लाकडी पेटीत नांदणारी सातेरी, झुडपांच्या फांदीवर लहानसे पोळे करणारी फुलोरी, आणि डंख न मारणारी इवलीशी पोया या उरलेल्या तीन. गांधीलमाश्या घराच्या वाशांना, खिडकीच्या चौकटीला, क्वचित जमिनीतील बिळात घर करतात. भिंतीवर चिखलाची घरटी लिंपणारी कुंभारीण सहसा कोणाच्या वाटेला जात नाही, तेव्हा तिच्यामागे झाडू घेऊन लागण्याचे कारण नाही.

मधमाशीच्या डंखाबरोबर एक वास पसरतो व तो पिकलेल्या केळ्यासारखा असतो. इतर माश्यांसाठी ती धोक्याची घंटा होय. म्हणूनच पहिला डंख बसल्यावर जागेवर उभे राहून हात झाडीत बसणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. डोके व तोंड कापडाने झाकून मुलाला उचलावे आणि बंद खोलीत अथवा वाहनात शिरावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालीत राहतात आणि मूल बुडण्याचा नवाच धोका उभा राहतो.

नांगी रुतलेली असल्यास ती तत्काळ काढावी. पूर्वीच्या पुस्तकांत ती चिमटीत धरू नये, बोथट कडेने खरवडूनच काढावी, असा आग्रह असे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की पद्धतीने फरक पडत नाही, वेळेने पडतो. पिशवीतील बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत उतरते. तेव्हा बोथट सुरी अथवा कार्ड शोधण्यात वेळ न दवडता नखाने, बोटाने, जे हाताशी असेल त्याने नांगी काढणे हेच योग्य.

त्यानंतर जागा साबणाने व पाण्याने धुवावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे लावावा. बोटावर डंख असेल तर अंगठी, हातावर असेल तर बांगडी वा कडे सूज येण्यापूर्वीच उतरवावे. वेदनेसाठी वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरीन देऊ नये. खाज असल्यास डॉक्टर तोंडाने घ्यावयाचे ॲलर्जीविरोधी औषध देतात. चुना, लोखंड, रॉकेल, तुळशीखालची माती, शेण हे सर्व उपाय आमच्या अपघात विभागात रुग्णाच्या अंगावरच पाहावयास मिळतात. लोखंड घासल्याने लाभही नाही व फारशी हानीही नाही. चुन्याने मात्र कोवळी कातडी भाजते, डोळ्याजवळ तर तो मुळीच नको. आणि माती-शेणातून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात.

सुजेवरून धोका मोजू नये

या लेखातील महत्त्वाचा भाग आता येतो. काही वर्षांपूर्वी एका रिक्षातून दोन चुलतभावंडे आमच्याकडे आणली गेली. मोहोळावर दगड मारण्याचा पराक्रम थोरल्याचा होता. त्याच्या कपाळावर व पापण्यांवर पाच-सहा डंख होते, दोन्ही डोळे सुजून मिटले होते आणि त्याच्या रडण्याने बाहेरची रांग वळून पाहत होती. सोबतचे पाचही नातेवाईक त्याच्याभोवती होते. धाकटी, वय वर्षे सहा, आजीच्या मांडीवर शांत बसली होती. तिच्या करंगळीवर एकच डंख होता व बोट जेमतेम सुजले होते. ‘‘वाटेत उलटी झाली, ऊन लागलं असेल,’’ असे आजीने सांगितले. ती तळहात एकसारखे फ्रॉकला घासते आहे, हे आमच्या परिचारिकेच्या ध्यानात आले. तिने फ्रॉक वर केला तर पोटावर व पाठीवर गांधी उठल्या होत्या. मुलीचे ओठ फिके पडले होते, आवाज घोगरा झाला होता आणि नाडी वेगाने पण क्षीण चालत होती. डॉक्टरांनी थोरल्याला बाजूस ठेवून प्रथम तिच्या मांडीत इंजेक्शन दिले. आजीला हे रुचले नव्हते. रडणारा नातू सोडून गप्प नातीला सुई का, असे त्या उघड म्हणाल्या. दहाएक मिनिटांत मुलीच्या ओठांना रंग आला व तिने पाणी मागितले. थोरला बर्फ व साध्या औषधावर संध्याकाळी घरी गेला.

थोरल्याला झाले होते ते स्थानिक, म्हणजे डंखाच्या जागेपुरते. अशी सूज कधी कधी फार मोठी होते. मनगटावरच्या डंखाने कोपरापर्यंत हात फुगतो, पहिल्या एक-दोन दिवसांत ती वाढतच जाते आणि पूर्ण ओसरण्यास आठवडा-दहा दिवसही लागतात. पालक घाबरतात व प्रतिजैविक मागतात. पहिल्या चोवीस तासांत आलेली सूज जंतुसंसर्गाची नसते, विषाच्या प्रतिक्रियेची असते. तिला प्रतिजैविकाचा उपयोग नाही. चार-पाच दिवसांनी लाली नव्याने वाढू लागली, पू दिसला अथवा ताप आला तर गोष्ट वेगळी.

धाकटीला झाले होते ते सर्वांगी. शरीराची संरक्षणव्यवस्था विषातील घटकांवर अवाजवी तीव्रतेने तुटून पडते व त्या झुंजीत रक्तवाहिन्या सैलावतात, श्वासनलिका आवळतात. वैद्यकात याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द 1902 साली शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रूढ केला. समुद्रजीवांच्या विषावर प्रयोग करताना त्यांना हा प्रकार आढळला आणि त्या संशोधनासाठी रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाची मात्रा येथे गौण असते, एक डंखही पुरतो.

घरच्या माणसांसाठी आमचे बालरोगतज्ज्ञ एकच कसोटी सांगतात : डंखाच्या जागेपासून दूर काही घडते आहे काय? डंख पायाला आणि गांधी पोटावर. डंख बोटाला आणि सूज ओठांना वा जिभेला. डंख कोठेही असो आणि खोकला, घशात घरघर, घोगरा आवाज, गिळताना अडचण, पुनःपुन्हा उलटी, पोटात कळा, चक्कर, फिकेपणा, अकस्मात गळून जाणे. यांपैकी काहीही दिसले तर मूल तत्काळ रुग्णालयात आणावे. बहुधा ही लक्षणे काही मिनिटांपासून तासाभराच्या आत उमटतात. तान्ही व बोलता न येणारी मुले काही सांगू शकत नाहीत. खेळते मूल एकाएकी मलूल झाले, एवढीच खूण त्यांच्यात मिळते. क्वचित प्रसंगी कातडीवर काहीच न दिसताही रक्तदाब उतरतो, म्हणून गांधी नाहीत यावर निर्धास्त राहू नये.

आणताना मुलाला आडवे ठेवावे व पाय किंचित उंच करावेत. दम लागला असेल तर टेकून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. ‘‘चाल बघू’’ म्हणून त्याला उभे करू नये. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला एकाएकी उभे करणे जीवघेणे ठरू शकते. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे, तिचा उपयोग करावा. मात्र दारात वाहन उभे असेल तर तिची वाट पाहत थांबू नये.

तोंडाच्या आत वा घशात डंख बसल्यास ॲलर्जी नसतानाही सुजेने श्वास अडू शकतो. रसवंतीवरील उसाच्या रसाच्या पेल्यात, सरबताच्या बाटलीत गांधीलमाशी बसलेली असते व मूल न पाहता घोट घेते. डोळ्याच्या बुबुळावरील डंखही घरी हाताळू नये. या दोन्ही प्रसंगी लक्षणांची वाट न पाहता यावे.

अनेक डंख बसल्यास

आग्या मोहोळ उठले तर हिशेब निराळा होतो. येथे ॲलर्जी नसली तरी विषाची एकूण मात्राच घातक ठरते. वैद्यकीय ग्रंथांत सर्वसाधारण अंदाज असा दिला जातो की शरीराच्या वजनाच्या दर किलोस सुमारे वीस मधमाश्यांचे डंख प्राणघातक ठरू शकतात. प्रस्तुत लेखकाला त्रैराशिक समजते म्हणून लिहितो : 60 किलो वजनाच्या प्रौढाला ही मर्यादा 1,200 डंखांची, तर 10 किलोच्या बालकाला 200 ची. एकाच थव्यात सापडलेल्या बापलेकांना सारखेच डंख बसले तरी त्यांचा धोका सारखा नसतो. शिवाय ही मर्यादा प्राणाची आहे. मूत्रपिंडांना इजा त्याहून पुष्कळच कमी डंखांनीही होते. विषामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, स्नायूंचे तंतू विरघळतात आणि तो सर्व गाळ मूत्रपिंडांत अडकतो. मूल पहिल्या दिवशी बरे दिसते व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते अथवा थांबते.

सर्पदंशावर जशी प्रतिविषाची लस मिळते तशी मधमाशीच्या विषावर आपल्याकडे उपलब्ध नाही. शिरेतून पुरेसे द्रव देणे, लघवीचे मोजमाप ठेवणे, रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करणे आणि वेळ आलीच तर डायलिसिस करणे, हाच उपचार. म्हणून मुलाला अनेक डंख बसलेले असतील तर ते हसत-खेळत असले तरीही आम्ही किमान चोवीस तास दाखल करून घेतो. ‘‘बिल वाढविण्यासाठी ठेवून घेतले,’’ असा शेरा तक्रारपेटीत कधी तरी मिळतो. तक्रार लिहिणाऱ्यांनी कृपया वरील परिच्छेद वाचावा.

मांडीतील इंजेक्शन

धाकट्या मुलीला दिलेले औषध म्हणजे ॲड्रेनॅलीन. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. म्हणजे औषध शंभर वर्षांहून जुने आहे व त्याची जागा घेणारे दुसरे अद्याप मिळालेले नाही. ते आवळलेली श्वासनलिका मोकळी करते, सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते, सूज उतरविते. मांडीच्या बाहेरील बाजूस मध्यभागी स्नायूत दिले असता ते रक्तात लवकर पोहोचते. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या तीव्रतेच्या द्रावणाची मात्रा मुलाच्या दर किलो वजनास 0.01 मिलिलिटर असते : 10 किलोच्या मुलास 0.1, 20 किलोच्या मुलास 0.2, आणि 30 किलो व त्यापुढील मुलास 0.3 मिलिलिटर. पाच मिनिटांत सुधारणा न दिसल्यास तीच मात्रा पुन्हा देतात. हा तक्ता आमच्या अपघात विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे, जेणेकरून धावपळीच्या क्षणी कोणावर गुणाकार करण्याची वेळ येऊ नये.

येथे एक खंत नोंदवितो. बाहेरून पाठविलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या पाहता पुष्कळ ठिकाणी ॲलर्जीचे व स्टेरॉईडचे इंजेक्शन आधी दिले जाते आणि ॲड्रेनॅलीन ‘प्रकृती बिघडली तर’ म्हणून मागे ठेवले जाते. त्यामागे हृदयावर ताण येईल ही भीती असते. आमचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की मांडीतील योग्य मात्रेने मुलाच्या हृदयाला होणारा त्रास म्हणजे थोडी धडधड, थरथर व फिकेपणा, आणि तो थोड्याच वेळात जातो. ॲलर्जीच्या औषधाने गांधी व खाज कमी होते, परंतु आवळलेला श्वास व उतरलेला रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉईडला परिणाम दाखविण्यास काही तास लागतात. क्रम चुकला तर मधला वेळ परत मिळत नाही.

बरे वाटू लागलेल्या मुलास आम्ही लगेच सोडत नाही, कारण काही मुलांत काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटतात. त्या मुलीच्या अंगावरही रात्री अकराच्या सुमारास पुन्हा गांधी उठल्या होत्या. ती वॉर्डात होती म्हणून प्रश्न आला नाही. घरी पाठविताना पालकांना एक कागद देतो. या मुलाला माशीच्या दंशाने तीव्र ॲलर्जी झाली होती, ही नोंद त्यावर असते. ती शाळेतील शिक्षकांना दाखवावी व वर्गात ठाऊक असावी. परदेशात मिळतात तसे स्वतः टोचून घेण्याचे तयार पेन आपल्याकडे सहज उपलब्ध नाहीत. तेव्हा दूर वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाने जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे इंजेक्शन असते याची आधीच चौकशी करून ठेवावी. अशा मुलांसाठी विषाच्या अत्यल्प मात्रा वाढत्या क्रमाने तीन ते पाच वर्षे टोचून सहनशीलता निर्माण करण्याची उपचारपद्धती आहे व ती परिणामकारक आहे, पण त्यासाठी ॲलर्जीतज्ज्ञाकडे जावे लागते. केवळ मोठी स्थानिक सूज आलेल्या मुलांना सहसा तिची गरज नसते. पुढच्या डंखाने त्यांना सर्वांगी त्रास होण्याची शक्यता शंभरात दहापेक्षा कमी सांगतात.

माश्यांविषयीही दोन शब्द. शाळेच्या आवारात मोहोळ दिसले की ते पेटवून देण्याची सूचना हटकून होते. धुरामुळे व जाळामुळेच माश्या पिसाळतात, आणि परागीभवनासाठी शेतकऱ्याला त्यांची गरज असते ते वेगळेच. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तेथील कुटुंबे माश्यांच्या संगतीत राहून उपजीविका करतात. मोहोळ हलविण्याचे काम जाणकार मधपाळांकडून, मुले आवारात नसताना करून घ्यावे.

मुदतबाह्य औषधांचा खर्च

देणगीदारांपैकी एका चिकित्सक गृहस्थांनी मागील अहवाल वाचून विचारणा केली होती की ‘मुदतबाह्य औषधे नष्ट केल्याचा खर्च’ हे खाते का दिसते व ते शून्यावर का आणले जात नाही. प्रश्न रास्त आहे. इतर औषधांच्या बाबतीत हे खाते कमी करण्याचा प्रयत्न चालूच असतो. ॲड्रेनॅलीनच्या बाबतीत तसा प्रयत्न आम्ही करीत नाही, आणि त्याचे कारण येथे सांगणे उचित होईल.

हे औषध अपघात विभाग, बालरुग्ण विभाग, लसीकरण कक्ष, क्ष-किरण विभाग व रुग्णवाहिका अशा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र ठेवावे लागते. कुलूपबंद भांडारात एकत्र ठेवून चालत नाही, कारण किल्ली शोधण्याइतका अवधी नसतो. उजेड व उष्णता यांनी ते खराब होते; द्रावण गुलाबी वा तपकिरी दिसू लागले की टाकून द्यावे लागते. साहजिकच वापरल्या जाणाऱ्या नळ्यांपेक्षा न वापरता फेकल्या जाणाऱ्या नळ्या अधिक असतात. एका नळीची किंमत दोन माणसांच्या चहा-वड्याच्या आसपास येते. आग विझविण्याच्या नळकांड्यांचे वार्षिक नूतनीकरण आग लागली नाही म्हणून कोणी व्यर्थ मानीत नाही. लेखापरीक्षकांनाही हेच स्पष्टीकरण दिले व त्यांनी ते मान्य केले.

दर महिन्याच्या एक तारखेला परिचारिका प्रमुख प्रत्येक ठिकाणच्या नळ्या मोजून, रंग व मुदत पाहून नोंदवहीत सही करतात, आणि त्याखाली प्रशासकाची सही होते. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या बाबीची तरतूद कायम ठेवली आहे. त्याच तरतुदीतून, आपल्याकडे रुग्ण पाठविणाऱ्या वाड्यावस्त्यांवरील खासगी डॉक्टरांपैकी जे मागतील त्यांना दोन नळ्या, एक मिलिलिटरच्या सिरिंज व मात्रेचा छापील तक्ता विनामूल्य देण्यात येईल. मुदत संपलेल्या नळ्या परत आणून दिल्यास बदलूनही मिळतील. त्यासाठी औषध भांडारात कामकाजाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत संपर्क साधावा.

— प्रशासकीय अधिकारी